परिणाम विश्लेषण अहवाल (एंटरप्राइझ आर्किटेक्चर)

परिणाम विश्लेषण अहवाल म्हणजे संस्थेच्या कारभारातील एखादी गोष्ट बदलली, काढून टाकली किंवा बंद पडली, तर तिचा परिणाम आणखी कशाकशावर होईल हे दाखवणारा अहवाल होय. ही गोष्ट नियम, कामकाजाची प्रक्रिया, माहितीचा साठा, संगणक प्रणाली किंवा यंत्रसामग्री यांपैकी काहीही असू शकते. एंटरप्राइझ आर्किटेक्चर या ज्ञानशाखेत संस्थेचे मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये घटक व त्यांच्यातील संबंध अशा स्वरूपात नोंदवले जाते. परिणाम विश्लेषणात एका घटकापासून सुरुवात करून या संबंधांचा टप्प्याटप्प्याने माग काढला जातो आणि वाटेत लागणाऱ्या घटकांची यादी, सारणी किंवा आकृती तयार होते.

अहवाल सॉफ्टवेअर तयार करीत असले, तरी त्यात काय दिसेल हे तो मांडणाऱ्याने घेतलेल्या काही निर्णयांवर ठरते. कोणते संबंध जमेस धरायचे, कोणत्या दिशेने जायचे आणि किती टप्प्यांपर्यंत जायचे, हे त्यांतील मुख्य निर्णय होत. ते चुकल्यास अहवाल कोरा निघू शकतो आणि कोऱ्या अहवालाचा अर्थ 'परिणाम नाही' असा लावला जाण्याचा धोका असतो.

## संज्ञा व व्याप्ती

परिणाम विश्लेषण ही संज्ञा अनेक क्षेत्रांत वापरली जाते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनात प्रकल्पाचा हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी व लोकजीवन यांवरील परिणाम तपासला जातो. भारतात त्यासाठी २००६ ची अधिसूचना लागू आहे. व्यवसाय सातत्याच्या क्षेत्रात एखादे काम खंडित झाल्यास किती काळात किती हानी होईल याचा अंदाज बांधला जातो. आयएसओ २२३०१ या मानकात अशा विश्लेषणाची अपेक्षा केलेली आहे.

एंटरप्राइझ आर्किटेक्चरमधील परिणाम विश्लेषणाचा प्रश्न याहून मर्यादित असतो. 'या घटकावर आणखी काय अवलंबून आहे?' एवढेच ते विचारते. परिणाम चांगला की वाईट आणि त्याची किंमत किती, हे ठरवण्याचे काम अहवाल वाचणाऱ्याकडे राहते. हा प्रश्न दोन बाजूंनी विचारता येतो. नियम किंवा माहिती बदलली तर कोणती कामे व प्रणाली बदलाव्या लागतील, हा झाला बदलाचा प्रश्न. सर्व्हर किंवा वीजपुरवठा बंद पडला तर कोणत्या सेवा थांबतील, हा झाला खंडाचा प्रश्न. दोन्हींसाठी मॉडेल एकच असले, तरी अहवालाची मांडणी वेगळी करावी लागते.

## इतिहास

सॉफ्टवेअर क्षेत्रात परिणाम विश्लेषणाची गरज प्रथम देखभालीच्या कामात जाणवली. आज्ञावलीतील एक ओळ बदलल्याने दुसरीकडे बिघाड होऊ नये, म्हणून चल, उपआज्ञावली व माहितीसंच यांच्यातील अवलंबित्व शोधण्याच्या पद्धती विकसित झाल्या. रॉबर्ट अर्नोल्ड व शॉन बोनर यांनी संपादित केलेला 'सॉफ्टवेअर चेंज इम्पॅक्ट ॲनालिसिस' हा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकाच्या अखेरीस 'वायटूके' समस्येमुळे या कामाला मोठे परिमाण लाभले. वर्ष दोन अंकांत साठवण्याची सवय कोणकोणत्या आज्ञावलींत शिरली आहे, हे शोधण्याचे काम जगभरातील संस्थांना करावे लागले आणि भारतीय माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना त्यातून मोठ्या प्रमाणावर काम मिळाले.

संपूर्ण संस्थेचे मॉडेल करण्याची कल्पना याला समांतर वाढत होती. जॉन झॅकमन यांचा माहिती प्रणालींच्या आर्किटेक्चरची चौकट मांडणारा लेख १९८७ मध्ये 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. 'टोगॅफ' या चौकटीची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली. 'आर्किमेट' ही मॉडेल रेखाटण्याची भाषा २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये विकसित झाली. पुढे 'द ओपन ग्रुप' या संस्थेने ती स्वीकारली आणि २००९ मध्ये तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. ३.२ ही आवृत्ती २०२२ मधील आहे. अशा भाषांमुळे घटक व संबंध यांना ठरावीक अर्थ मिळाला. केवळ आकृती काढण्यापुरते असलेले मॉडेल त्यामुळे प्रश्न विचारण्याजोगे झाले.

महाराष्ट्रात मॉडेलवर आधारित सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या संशोधनाचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे पुण्यातील टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्र. त्याची स्थापना १९८१ मध्ये झाली. शासकीय पातळीवर केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये 'इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर' ही चौकट प्रसिद्ध केली. तीत कामगिरी, कामकाज, उपयोजन, माहिती, तंत्रज्ञान, एकत्रीकरण, सुरक्षा व प्रशासन अशी आठ संदर्भ मॉडेले आहेत.

## मॉडेलची रचना

गणिताच्या भाषेत असे मॉडेल म्हणजे दिशायुक्त आलेख असतो. घटक हे त्याचे बिंदू आणि संबंध या त्याच्या बाण असलेल्या रेषा. घटक साधारणपणे पुढील स्तरांत मांडले जातात:

- प्रेरणा स्तर: कायदे, आदेश, उद्दिष्टे, बंधने.
- कामकाज स्तर: भूमिका, प्रक्रिया, नागरिकांना मिळणाऱ्या सेवा.
- उपयोजन स्तर: संगणक प्रणाली व त्यांतील माहिती.
- तंत्रज्ञान स्तर: सर्व्हर, जाळे, उपकरणे, वीजपुरवठा.

प्रत्येक घटकाला गुणधर्म जोडता येतात: जबाबदार अधिकारी, लागू होण्याचा दिनांक, कार्यक्षेत्र, शेवटच्या पडताळणीची तारीख इत्यादी. अहवालातील स्तंभ या गुणधर्मांवरून भरले जातात. जो गुणधर्म मॉडेलमध्ये नोंदवलेला नाही, तो अहवालात येऊ शकत नाही.

## अहवालाची मांडणी

सॉफ्टवेअर कोणतेही असले, तरी अहवालाची मांडणी बहुधा पुढील क्रमाने केली जाते.

1. प्रश्न निश्चित करणे. 'काय बदलणार?' आणि 'उत्तर कोणाला हवे?' हे एका वाक्यात लिहून घेतले जाते. तंत्रज्ञाला बदलावयाच्या प्रणालींची यादी हवी असते, तर अधिकाऱ्याला ज्यांना कळवायचे त्या लोकांची.
2. आरंभघटक निवडणे. बदल ज्या घटकात होणार आहे तोच आरंभघटक असावा लागतो. आदेशातील तारीख बदलणार असेल, तर आदेश व तारीख हे वेगळे घटक असणे सोयीचे ठरते.
3. संबंधांचे प्रकार निवडणे. ज्या संबंधांतून परिणाम खरोखर वाहतो तेवढेच घेतले जातात. 'हे दोन घटक एका आकृतीत आहेत' किंवा 'एका विभागाचे आहेत' एवढ्याने परिणाम होत नाही.
4. दिशा ठरवणे. प्रत्येक संबंधप्रकारासाठी बाणाच्या दिशेने जायचे की उलट, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते.
5. टप्प्यांची मर्यादा ठरवणे. प्रत्येक घटकाला चार नवे घटक जोडलेले असतील, तर पहिल्या टप्प्यात ४, दुसऱ्यात १६ व तिसऱ्यात ६४, म्हणजे तीन टप्प्यांत एकूण ८४ घटक अहवालात येतात. चौथ्या टप्प्यात आणखी २५६ ची भर पडते. त्यामुळे मर्यादा न घातलेला अहवाल सहसा वाचण्यापलीकडे जातो.
6. चाळणी लावणे. घटकाचा प्रकार, कार्यक्षेत्र, स्थिती (चालू, नियोजित, बंद) यांनुसार नको असलेले घटक वगळले जातात.
7. चक्रे हाताळणे. अ वर ब, ब वर क आणि क वर पुन्हा अ अवलंबून असेल, तर एकदा भेट दिलेला घटक पुन्हा मोजला जाणार नाही याची व्यवस्था असावी लागते.
8. मांडणी व जतन. यादी, सारणी किंवा आकृती यांपैकी योग्य रूप निवडून अहवालाची व्याख्या जतन केली जाते. पुढच्या वेळी केवळ आरंभघटक बदलून तीच व्याख्या वापरता येते.

अहवालात केवळ घटकाचे नाव पुरेसे नसते. तो घटक कोणत्या वाटेने यादीत आला, हेही दिसणे आवश्यक असते. वाट दिसल्यास वाचणाऱ्याला परिणाम खरा की केवळ कागदावरचा हे पारखता येते.

## बाणाची दिशा व परिणामाची दिशा

अहवाल मांडताना सर्वांत जास्त चुका दिशेच्या बाबतीत होतात, कारण आकृतीतील बाण परिणामाची दिशा दाखवतोच असे नाही. आर्किमेट भाषेतील काही संबंध पाहता हे स्पष्ट होते.

| संबंध | बाणाची दिशा | परिणाम सहसा कसा वाहतो |
|---|---|---|
| सेवा पुरवणे | पुरवणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे | बाणाच्या दिशेने |
| साकार करणे | साकार करणाऱ्याकडून साकार होणाऱ्याकडे | खंडाच्या प्रश्नात बाणाच्या दिशेने, नियम बदलल्यास उलट |
| माहिती हाताळणे | प्रक्रियेकडून माहितीकडे | माहिती बदलल्यास बाणाच्या उलट |
| अंग असणे | संपूर्णाकडून भागाकडे | भाग बंद पडल्यास बाणाच्या उलट |
| प्रवाह | देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे | बाणाच्या दिशेने |

प्रक्रिया माहिती हाताळते, म्हणून मॉडेलमध्ये हा संबंध प्रक्रियेकडून माहितीकडे नोंदवला जातो. पण माहिती बदलली की परिणाम प्रक्रियेवर होतो. अशा वेळी 'केवळ बाहेर जाणारे संबंध' हा पर्याय निवडल्यास माहितीच्या घटकापासून पुढे वाटच मिळत नाही आणि अहवाल कोरा येतो. 'दोन्ही दिशा' हा पर्याय सरसकट निवडल्यास उलट अडचण येते. एकच सर्व्हर वापरणाऱ्या, परंतु एकमेकींशी काही देणेघेणे नसलेल्या सर्व प्रणाली यादीत येतात. म्हणून दिशा संबंधप्रकारागणिक ठरवणे इष्ट असते.

अप्रत्यक्ष संबंधांसाठी आर्किमेटमध्ये व्युत्पत्तीचे नियम आहेत. अ ही ब ला आणि ब ही क ला सेवा पुरवत असेल, तर अ व क यांच्यातील संबंधाचा निष्कर्ष काढता येतो. ३.१ या आवृत्तीपासून (२०१९) असे निष्कर्ष निश्चित व संभाव्य अशा दोन गटांत विभागले आहेत. अहवालातही हे दोन गट वेगळे दाखवल्यास वाचणाऱ्याची दिशाभूल टळते.

## उदाहरण: मालवण किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण व वेंगुर्ला या तालुक्यांच्या किनाऱ्यावर मासेमारी हा प्रमुख व्यवसाय आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तो अनेक माशांच्या प्रजननाचाही काळ असतो, म्हणून दरवर्षी ठरावीक मुदतीची मासेमारी बंदी लागू केली जाते. पश्चिम किनाऱ्यासाठी तिचा कालावधी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा ठरवण्यात आला. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मच्छीमारांचे झालेले नुकसान लक्षात घेऊन केंद्र सरकारने २५ मे रोजी आदेश काढला आणि त्या वर्षापुरता पश्चिम किनाऱ्यासाठी हा कालावधी १५ जून ते ३१ जुलै असा ४७ दिवसांचा केला. बंदी सुरू होण्यास त्या वेळी एक आठवडा उरला होता.

एका तारखेतील १४ दिवसांचा असा बदल परिणाम विश्लेषण समजून घेण्यास सोयीचा आहे. पुढील मॉडेल केवळ समजावणीसाठी रचलेले आहे. ते कोणत्याही कार्यालयाच्या प्रत्यक्ष प्रणालीचे वर्णन नाही.

### मॉडेल

प्रेरणा स्तरावर 'बंदी आदेश' हा घटक आहे. त्यातून 'बंदीचा कालावधी' ही माहिती मिळते. 'नौका नोंदवही' हा माहितीचा दुसरा साठा. मासेमारी नौकांची नोंदणी व परवाने यांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'रिअलक्राफ्ट' ही ऑनलाइन प्रणाली विकसित केली आहे. मॉडेलमध्ये अशा प्रणालीसाठी 'परवाना प्रणाली' हा घटक धरला आहे. कामकाज स्तरावर समुद्रातील गस्त, डिझेलवरील मूल्यवर्धित कराच्या परताव्याची तपासणी, अपघात झाल्यास नुकसानभरपाईच्या अर्जाची छाननी आणि मच्छीमार सहकारी संस्थांना सूचना देणे या चार प्रक्रिया आहेत.

### तीन मांडण्या

'बंदीचा कालावधी' हा आरंभघटक धरून केवळ बाहेर जाणारे संबंध घेतल्यास अहवालात एकही नोंद येत नाही, कारण चारही प्रक्रिया ही माहिती वाचतात आणि त्यांचे संबंध तिच्याकडे येतात.

दोन्ही दिशा व अमर्याद टप्पे घेतल्यास मॉडेलमधील जवळजवळ प्रत्येक घटक यादीत येतो. सर्व्हर आणि नौका नोंदवहीसुद्धा त्यात असतात, मात्र तारीख बदलल्याने या दोहोंत काहीच बदलावे लागत नाही.

माहिती हाताळण्याचा संबंध बाणाच्या उलट, तर सेवा व प्रवाह हे संबंध बाणाच्या दिशेने घेऊन दोन टप्प्यांची मर्यादा घातल्यास पुढीलप्रमाणे उपयोगी अहवाल मिळतो.

| टप्पा | घटक | वाट | करावयाचे काम |
|---|---|---|---|
| १ | गस्त | कालावधी वाचते | वेळापत्रक बदलणे |
| १ | परताव्याची तपासणी | कालावधी वाचते | जूनमधील डिझेल खरेदी ग्राह्य धरण्याचा निकष तपासणे |
| १ | भरपाईच्या अर्जाची छाननी | कालावधी वाचते | १ ते १४ जूनमधील घटनांचा निकष ठरवणे |
| १ | सूचना देणे | कालावधी वाचते | सुधारित सूचना काढणे |
| २ | मच्छीमार सहकारी संस्था | सूचनेचा प्रवाह, परताव्याची सेवा | सभासदांना कळवणे, परताव्याचे प्रस्ताव तपासणे |
| २ | नौकामालक व खलाशी | सूचनेचा प्रवाह, भरपाईची सेवा | नौका शाकारण्याचा दिवस ठरवणे |

तिसऱ्या ओळीत सर्वांत गंभीर बाब दडलेली आहे. बंदीच्या काळात मासेमारी करताना यांत्रिक नौकेला अपघात झाल्यास शासनाकडून नुकसानभरपाई मिळणार नाही, अशी अट बंदीच्या आदेशांत असते. म्हणून १ ते १४ जून या काळात नौका बुडाल्यास त्या कुटुंबाला मदत मिळेल की नाही, हे कोणती तारीख लागू आहे यावर अवलंबून राहते.

### अहवालातून उघड होणारे मॉडेलचे दोष

असा अहवाल वाचताना मॉडेलमध्येच तीन दुरुस्त्या आवश्यक असल्याचे दिसते.

पहिली दुरुस्ती कार्यक्षेत्राची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात राज्याचा आदेश लागू असतो. त्यापलीकडे अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राचा आदेश चालतो. केंद्राने तारीख बदलली, तरी राज्याची तारीख आपोआप बदलत नाही; आणि खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेलाही बंदरातून निघून राज्याच्या पट्ट्यातूनच जावे लागते. मॉडेलमधील 'बंदीचा कालावधी' हा एक घटक म्हणून दोन घटकांत विभागावा लागतो आणि प्रत्येक प्रक्रियेने कोणता कालावधी वाचायचा हे वेगळे नोंदवावे लागते.

दुसरी दुरुस्ती नौकेच्या प्रकाराची. पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बिगरयांत्रिक नौकांना ही बंदी लागू नसते. नौका नोंदवहीत 'प्रकार' हा गुणधर्म नसेल, तर चाळणी लावता येत नाही आणि होडीने किनाऱ्यालगत जाळे टाकणारा मच्छीमारही बाधितांच्या यादीत येतो.

तिसरी दुरुस्ती मॉडेलबाहेर राहिलेल्या घटकांची. बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांसाठी मच्छीमाराचे १,५०० रुपये व शासनाचे ३,००० रुपये मिळून ४,५०० रुपये देण्याची तरतूद प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आहे. वरील मॉडेलमध्ये ही योजना नाही, त्यामुळे तिचे नाव अहवालात येत नाही. कालावधी बदलल्याचा तिच्यावर परिणाम होतो की नाही, हा प्रश्नच मग विचारला जात नाही.

### खंडाचा प्रश्न

याच मॉडेलला दुसऱ्या बाजूनेही प्रश्न विचारता येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मालवण परिसरातील अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. बंदी सुरू होण्यास तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. 'वीजपुरवठा' हा आरंभघटक धरून सेवा पुरवण्याचा संबंध बाणाच्या दिशेने घेतल्यास वीज, मोबाइल मनोरा, संदेश सेवा, सूचना देणे आणि मच्छीमार सहकारी संस्था अशी वाट मिळते. सूचना पोहोचवण्याचा दुसरा मार्ग, जसे बंदरावरील ध्वनिक्षेपक किंवा संस्थेच्या कार्यालयातील फलक, मॉडेलमध्ये नोंदवलेला असल्यास अहवाल पर्यायी वाटही दाखवू शकतो.

## सॉफ्टवेअरमधील सोयी

'आर्ची' हे आर्किमेटवर आधारित विनामूल्य व मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यातील 'व्हिज्युअलायझर' या पटलावर निवडलेल्या घटकाभोवतीचे संबंध दिसतात. टप्प्यांची संख्या, संबंधाचा प्रकार आणि दिशा तेथेच ठरवता येते. स्वल्पविरामाने विलग केलेल्या मजकुराच्या रूपात मॉडेल बाहेर काढून त्यावर स्प्रेडशीटमध्ये काम करण्याची सोय आहे. 'जेआर्ची' या जोडणीद्वारे जावास्क्रिप्टमध्ये स्वतःचा अहवालही लिहिता येतो. संबंधप्रकारागणिक वेगळी दिशा ठेवायची असल्यास हा मार्ग उपयोगी पडतो.

ऑस्ट्रेलियातील स्पार्क्स सिस्टिम्स या कंपनीच्या 'एंटरप्राइझ आर्किटेक्ट' मध्ये माग दाखवणारे पटल, घटकांच्या दोन गटांमधील संबंध दाखवणारी सारणी आणि एसक्यूएल भाषेत शोध लिहिण्याची सोय आहे. हा शोध जतन करून दस्तऐवजाच्या साच्याला जोडता येतो. मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल सामायिक भांडारात असते. कोणाला कोणता अहवाल दिसावा हे तेथे ठरवता येते आणि अहवाल नियमितपणे आपोआप तयार होण्याची व्यवस्थाही करता येते.

सारणी व आकृती यांचे उपयोग भिन्न आहेत. वीसपेक्षा कमी घटक असल्यास आकृती पटकन समजते. त्याहून मोठ्या अहवालासाठी टप्प्यानुसार लावलेली यादी अधिक वाचनीय ठरते.

## पडताळणी

नव्या अहवालाची चाचणी घेण्याची रूढ पद्धत म्हणजे पूर्वी प्रत्यक्ष घडलेला बदल त्यास विचारणे. मागील वेळी तारीख बदलली तेव्हा कोणाकोणाला काम करावे लागले याची यादी संबंधितांकडून घेतली जाते आणि अहवालाशी ताडून पाहिली जाते. यादीत असून अहवालात नसलेले घटक मॉडेलमधील उणीव दाखवतात. अहवालात असून यादीत नसलेले घटक एक तर दुर्लक्षित राहिलेला परिणाम असतात किंवा सैल ठेवलेल्या चाळणीचे फळ.

याखेरीज कोणताही संबंध नसलेल्या एकाकी घटकांची यादी वेळोवेळी काढली जाते, कारण असे घटक कोणत्याच परिणाम विश्लेषणात येत नाहीत. प्रत्येक अहवालावर मॉडेलची आवृत्ती, शेवटच्या पडताळणीचा दिनांक, वापरलेले संबंध, दिशा व टप्पे छापणे इष्ट समजले जाते. कोरा अहवाल आल्यास आरंभघटकाला मुळात किती संबंध आहेत, हे प्रथम तपासले जाते.

## मर्यादा

परिणाम विश्लेषण अहवाल केवळ नोंदवलेल्या अवलंबित्वाबद्दल बोलतो. मालवणच्या किनाऱ्यावर बंदीची तारीख बदलली, की बर्फ कारखान्यांची मागणी, मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न, गावी परतणाऱ्या खलाशांचा प्रवास आणि पर्यटकांच्या खानावळींतील मासळीचा पुरवठा यांवरही परिणाम होतो. मत्स्यव्यवसायाच्या शासकीय प्रणालींचे मॉडेल कितीही काटेकोर असले, तरी हे घटक त्यात असण्याची शक्यता कमी असते. मॉडेलची हद्द कोठे आखली आहे हे अहवालावर स्पष्ट लिहिणे त्यामुळे आवश्यक ठरते.

दुसरी मर्यादा काळाची. मॉडेल एका विशिष्ट दिवसाचे असते. आदेश, पदे व प्रणाली बदलत राहतात. पडताळणी न झालेले मॉडेल जुनी माहितीही तितक्याच सुबक सारणीत मांडते. तिसरी मर्यादा तीव्रतेची. अहवालात सहा ओळी असल्या, तरी वेळापत्रक बदलणे आणि बुडालेल्या नौकेची भरपाई नाकारली जाणे या दोन ओळींचे वजन सारखे नसते. ते ठरवण्यासाठी संबंधित विभाग, सहकारी संस्था आणि बदल ज्यांच्यावर येऊन पडणार आहे ते लोक यांच्याशी चर्चा करावी लागते. अहवालामुळे ही चर्चा कोणाशी करायची, याची निदान पहिली यादी हाती येते.

## हेही पाहा

- एंटरप्राइझ आर्किटेक्चर
- आर्किमेट
- टोगॅफ
- आलेख सिद्धान्त
- पर्यावरणीय आघात मूल्यांकन
- मालवण
- सिंधुदुर्ग जिल्हा